आमदारानं नळ बघायचा की कायदा? मृणालताई गोरे आणि आमचं गोरेगाव

आरे_रोड
सोमवार, रात्री ९:४०

परवा सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला. पालिकेचं पाणी कमी दाबानं येतं, खालची टाकी अर्धीच भरते आणि उन्हाळ्यात महिन्यातून चार-पाच वेळा टँकर मागवावा लागतो. कुणी तरी म्हणालं, आमदारांच्या कार्यालयात निवेदन देऊ या. त्यावर आमच्याच इमारतीतला एक तरुण, चांगला वाचणारा मुलगा, म्हणाला, "काकू, आमदार कायदे करायला असतात. नळ हे नगरसेवकाचं काम."

नियमाप्रमाणे तो बरोबरच आहे. पण हे वाक्य गोरेगावात उच्चारलं गेलं, म्हणून मला इथे लिहावंसं वाटलं. ज्या बाईंनी या गावाला पाणी आणलं, त्यांनीच पुढे विधानसभेत असा एक विषय लावून धरला की देशात पहिल्यांदा त्यावर कायदा झाला. ही दोन कामं त्यांच्या हातात वेगळी राहिली नव्हती.

आजच्या मुलांना मृणालताई गोरे म्हणजे एस. व्ही. रोडजवळचा उड्डाणपूल एवढंच ठाऊक असतं, म्हणून थोडं मागे जाते. गोरेगाव १९५७ पर्यंत मुंबईत नव्हतं. ग्रामपंचायत होती. पहाडी, पांडुरंगवाडी, जवाहरनगर, मध्ये भातशेती आणि तबेले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून मृणाल मोहिले समाजवादी चळवळीत आल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं, ते आंतरजातीय, त्या काळात. दोघांनी गोरेगावातच काम करायचं ठरवलं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले तेव्हा ताई तिशीच्या आणि पदरात लहान मुलगी. त्यांनी गाव सोडलं नाही आणि कामही सोडलं नाही. १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याचा प्रश्न असा काही लावून धरला की लोकांनी त्यांना नावच दिलं, 'पाणीवाली बाई'.

१९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्या लाटेत आमच्याकडून समाजवादी पक्षाच्या मृणालताई निवडून आल्या. ते वर्ष दुष्काळाचं. रेशनवर धान्य नाही, तेल नाही, रॉकेल नाही. अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, प्रमिलाताई दंडवते आणि मृणालताई समाजवादी, तारा रेड्डीही सोबत. वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. लाटण्याचा मोर्चा तो हाच. माझी आई त्यात होती. त्याआधी ती कधी एकटी चर्चगेटलाही गेली नव्हती. ती सांगायची, घरातून निघताना सासूबाईंनी विचारलं, लाटणं कुठे नेतेस, संध्याकाळी पोळ्या कशानं लाटायच्या? हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा, तो मला अजून आठवतो.

मला त्या मोर्च्यापेक्षाही त्याच्या आधीचं काम मोठं वाटतं. मोर्च्याआधी चाळीचाळीत बैठका व्हायच्या. कुठल्या रेशन दुकानात काय आलं, किती आलं, किती जणींना परत पाठवलं, हे बायका लिहून ठेवायच्या. आईच्या हिशेबाच्या वहीत किराणाच्या नोंदीखाली या नोंदी आहेत. ती वही माझ्याकडे आहे. सभागृहात उभं राहून बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी अशा वह्या होत्या.

आणीबाणीत ताई आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. तेव्हाची घोषणा, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में', अजून लोकांच्या तोंडी आहे. १९८५ ला पुन्हा विधानसभा. त्या पाच वर्षांत त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर आमदारानं स्वतः मांडलेलं विधेयक, आणलं. सरकारवर दबाव इतका वाढला की सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा, म्हणजे सहा वर्षांनी.

म्हणून विचारते. आपण आमदाराला मत देताना नेमकं काय मागतो? आणि तुमच्या भागात असं कुणी होतं किंवा आहे का, ज्यांच्या कायद्याच्या कामाचं मूळ वस्तीत होतं? आपापल्या गावचं लिहा. नुसतं कौतुक नको, काय केलं आणि कसं केलं ते लिहा.

तिसरा_मजला
सोमवार, रात्री ११:०५

ताई, लेख आवडला. पण तुमच्या इमारतीतल्या मुलाच्या बाजूनं बोलतो.

मी दहिसरला राहतो. आमच्याकडे आमदार म्हणजे गटार, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि बसथांब्यावर स्वतःचा फोटो. आमदार निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी झाला. तो खर्च कुठे झाला हे फलकांवर दिसतं. पण आमच्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात काय प्रश्न विचारले, हे इथे कुणालाच सांगता येणार नाही. मला असा माणूस हवा जो विधेयक वाचून सभागृहात जाईल. मृणालताईंचं उदाहरण देऊन आपण पेव्हर ब्लॉकवाल्यांनाच प्रतिष्ठा देतो असं होणार नाही ना? 'बघा, त्याही नळच बघायच्या' असं उद्या कुणीही म्हणेल.

जुना_गोरेगावकर
मंगळवार, सकाळी ६:५०

माझं वय ७९. त्या काळातलं पाहिलेलं लिहितो.

आमच्या वाडीला एक विहीर आणि एक सार्वजनिक नळ. नळाला पाणी यायची वेळ ठरलेली नसायची. रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. हंड्यांची रांग आधीच लावलेली असायची आणि रांगेवरून भांडणं ठरलेली. मृणालताई त्या रांगेत येऊन उभ्या राहायच्या. भाषण नाही. विचारायच्या, किती वाजता आलं, किती वेळ होतं, किती घरांना पुरलं. एखादी बाई म्हणायची, "बाई, रोज हेच काय विचारता?" त्यावर त्या म्हणायच्या की उद्या अधिकाऱ्यासमोर हेच तुम्हाला सांगायचं आहे, पाठ करून ठेवा. शब्द माझे आहेत, पण आशय हाच होता.

मग मोर्चा निघाला की बोलायच्या त्या बायका. हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायच्या. अधिकारी म्हणायचा, तुमच्या भागाला पुरेसं पाणी सोडतो आहोत. लगेच चार जणी उभ्या राहून वार, वेळ, घरं सांगायच्या. त्या माणसाची चुळबुळ मी पाहिली आहे.

दहिसरच्या दादांना एवढंच सांगतो, पेव्हर ब्लॉक बसवणारा तुम्हाला काही विचारत नाही, बसवून जातो. ताई आधी विचारायच्या आणि मग तुम्हालाच बोलायला लावायच्या. नळ दोघेही बघतात असं म्हणालात, तर त्यात हा फरक धरा.

आरे_रोड
मंगळवार, सकाळी ८:१५

काका, तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. रांगेतल्या प्रश्नांचं मला ठाऊक नव्हतं. आईच्या वहीतल्या नोंदी अशा का आहेत, ते आता कळलं. प्रत्येक नोंदीत वार, वेळ आणि 'किती जणी परत' असं लिहिलेलं आहे.

अंबाजोगाईची
मंगळवार, दुपारी ३:३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात २२ वर्षं काम करते आहे. १९८८ च्या कायद्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मला मृणालताईंबद्दल मनापासून आदर आहे आणि तरीही एक अवघड गोष्ट लिहायची आहे.

आधी चांगलं. ऐंशीच्या दशकात मुंबईत मुलगा की मुलगी हे कळावं म्हणून गर्भजल परीक्षा उघडउघड चालायची. आत्ता थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागायच्या. स्त्री-संघटना, काही डॉक्टर, वकील आणि वैज्ञानिक यांनी मिळून त्याविरुद्ध मंच उभा केला. त्या मंचाचं म्हणणं सभागृहात नेणारं कुणी तरी हवं होतं आणि ते मृणालताईंनी केलं. अशासकीय विधेयक मंजूर होणं जवळजवळ अशक्य असतं. पण ते मांडलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देता देता भूमिका घ्यावी लागते. तसंच झालं.

पण सरकारनं जो कायदा केला, तो चळवळीला हवा होता तसा नव्हता. तपासणी करून घेणाऱ्या बाईलाही त्यात शिक्षा होऊ शकत होती. ज्या बाईवर नवऱ्याचा आणि सासरचा दबाव, तीच आरोपी! नागरिकांना थेट न्यायालयात जायचा मार्गही नीट ठेवला नव्हता, सगळं सरकारी यंत्रणेच्या हाती. यंत्रणा हलली नाही, तर कायदा कपाटात.

आकडे बघा. ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली, महाराष्ट्रात २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. आमच्या बीड जिल्ह्यात २००१ ला ८९४ आणि २०११ ला ८०७. देशातला पहिला कायदा आपला आणि ही आपली स्थिती. २०११ चे आकडे आले तेव्हा मी बाह्यरुग्ण विभागात बसून ते वाचले आणि त्या दिवशी समोर येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईकडे मला वेगळ्या नजरेनं बघावं लागलं. दुसरी खेप आणि पहिली मुलगी असेल, तर पोटात गोळाच यायचा. परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण पुढच्याच वर्षी उघडकीला आलं.

मग फरक कधी पडला? २००० मध्ये पुण्याची 'मासूम' आणि मुंबईची 'सेहत' या संस्था कार्यकर्ते साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, म्हणाल्या की कायदा आहे, अंमल नाही. न्यायालयानं राज्यांना आदेश दिले, नंतर २००३ ला कायदा कडक झाला. सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा 'एफ' फॉर्म. आता या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला तक्रार देऊन पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर कुणीही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. बाईवर कुटुंबानं दबाव आणला असंच गृहीत धरलं जातं.

माझं म्हणणं इतकंच की मृणालताईंनी दार उघडलं, पण त्या दारातून आत जाऊन रोज बघायला आमच्या तालुक्यात गोरेगावसारखी बायकांची वही नव्हती. मंच मुंबईत होता. बीडमध्ये नव्हता. आमदार कितीही चांगला असो, जिथे वस्ती जागी नाही तिथे कायदा पोचत नाही.

आरे_रोड
मंगळवार, रात्री १०:२०

डॉक्टर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी कायदा झाला इथेच थांबले होते. वस्तीतून विषय वर जातो, एवढं मला दिसत होतं. कायदा झाल्यावर तो पुन्हा वस्तीत उतरावा लागतो, हे मी धरलंच नव्हतं. २००१ ते २०११ मधली बीडची ती घसरण वाचून रात्री जेवण गेलं नाही.

एक विचारू का? तुमच्याकडे आता गावपातळीवर काही होतं का? आशाताई, बचत गट?

अंबाजोगाईची
मंगळवार, रात्री ११:००

होतं. आशाताईंना गावातली प्रत्येक गरोदर बाई ठाऊक असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणाची खेप अचानक 'पडली' हेही त्यांना कळतं. पण त्यांनी बोलायचं कुणाकडे आणि बोलल्यावर गावात त्यांच्यामागे उभं कोण राहणार? एका आशाताईंनी मला नाव न घेता सांगितलं होतं, नंतर त्यांच्या नवऱ्याला कामावरून काढलं. जास्त लिहीत नाही.

उरणकर
बुधवार, सकाळी ७:३०

आमचा माणूस दि. बा. पाटील. जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे पाच वेळा आमदार.

१९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमच्या आजोबांची भातशेती आणि मिठागर दोन्ही गेली. मोबदला किती, हे आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही. दि. बा. म्हणायचे, पैसा संपेल, जमिनीच्या बदल्यात विकसित जमीनच द्या. हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. गावोगावच्या बैठकांत म्हातारे लोक विचारायचे की पैसे घेऊन आम्ही करायचं काय, आम्हाला शेतीशिवाय येतं काय? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना ती मागणी तयार झाली.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि नवघरला आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच माणसं गेली. दर वर्षी आम्ही तिथे जातो. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. त्यात त्रुटी खूप आहेत. भूखंड मिळायला पंचवीस पंचवीस वर्षं लागली, मधल्या मध्ये बिल्डरांनी कवडीमोलानं करार करून घेतले. आमच्या घरातही हे झालं आहे. पण तत्त्व म्हणून ते आलं आणि पुढे जिथे जिथे जमिनी घेतल्या तिथल्या लोकांना बोलायला तोंड मिळालं.

ताई, तुम्ही वहीचं लिहिलंत. आमच्याकडे वही नव्हती, सातबारा होता. बायका पदरात बांधून आणायच्या.

कलम_वीस
बुधवार, दुपारी १:१०

मी वकिली करतो, मालाडला. इथे मृणालताईंच्या घरांच्या कामाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमदार नसतानाचं त्यांचं काम त्यात दिसतं.

नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. मुंबईत कुणाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारनं घ्यायची आणि त्यावर गरिबांसाठी घरं व्हायची, असा त्याचा हेतू. पण कलम २० मध्ये सूट देण्याची तरतूद होती. त्या एका कलमातून कायद्याचं पाणी गळत राहिलं. जमीन मोकळीच राहिली किंवा सूट मिळवून तिथे महागडी घरं उभी राहिली.

मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली. ज्यांना घर हवं आहे त्या सामान्य माणसांनाच सभासद केलं. कारकून, गिरणी कामगार, शिक्षक, फेरीवाले. मागणी साधी. कायदा म्हणतो अतिरिक्त जमीन घरांसाठी, तर ती आम्हाला द्या, आम्ही बांधतो. सरकारदरबारी, न्यायालयात, रस्त्यावर, तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं भांडले. शेवटी दिंडोशीला ६२ एकरांवर सहा हजारांहून जास्त घरं झाली. चित्रनगरीच्या रस्त्यानं वर गेलात की डोंगराच्या कुशीत ती वसाहत दिसते. माझे पहिले अशील तिथलेच, एक निवृत्त शिपाई. घराची किल्ली हातात आली त्या दिवशीची गोष्ट ते मला प्रत्येक तारखेला सांगायचे.

याच सुमारास सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत मृणालताई होत्या. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. तेव्हा ताई आमदार नव्हत्या, हे लक्षात घ्या.

महाराष्ट्रानं २००७ मध्ये कमाल धारणा कायदा रद्द केला. तो सदोष होता, मान्य. पण तो दुरुस्त करायला हवा होता. रद्द झाला तेव्हा रस्त्यावर फारसं कुणी उतरलं नाही, याची खंत मला आजही आहे. दिंडोशीच्या लोकांना घरं मिळाली होती, ज्यांना मिळायची होती ते कुठल्याच परिषदेचे सभासद नव्हते. डॉक्टरांनी जे बीडबद्दल लिहिलं तेच इथेही.

तिसरा_मजला
बुधवार, दुपारी २:४५

वकीलसाहेब, म्हणजे मूळ मुद्दा आमदाराचा राहतच नाही की. लोक संघटित हवेत, आमदार असो वा नसो.

कलम_वीस
बुधवार, दुपारी ३:२०

राहतो. कारण काही गोष्टी सभागृहाशिवाय होत नाहीत. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं छापलं जातं. मी त्या उत्तरांचा न्यायालयात वापर केला आहे. लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून निवेदन मागणारी सूचना, लागली की खात्याचा सचिव रात्री जागून फाईल काढतो. माहितीच्या अधिकारात सहा महिने न मिळालेला कागद लक्षवेधीच्या आदल्या दिवशी मिळालेला मी पाहिला आहे. ही हत्यारं फक्त आमदाराच्या हातात असतात. प्रश्न असा, की ती कुणाच्या माहितीवर चालवायची? माहिती वस्तीतून आली नाही तर ती कुठून तरी येतेच, आणि बहुतेक वेळा ज्याचा त्यात पैसा अडकलाय त्याच्याकडून येते.

आणि नगरसेवकाचं म्हणाल, तर मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकच होता. त्या काळात नळाचं दुखणं कुणाकडे न्यायचं होतं? शहरात ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा असावी अशी तरतूद २००९ मध्ये आपल्या महापालिका कायद्यात झाली आहे. तुमच्यापैकी कुणी क्षेत्रसभेला बसलं आहे का? मी वकील असून बसलेलो नाही.

माणदेशी
बुधवार, संध्याकाळी ७:००

सांगोल्याचा आहे, म्हणजे कुणाबद्दल लिहिणार ते कळलंच असेल. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब. ११ वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ ला. ३० जुलै २०२१ ला गेले, ९४ वर्षांचे होऊन.

लोक त्यांच्या एसटीच्या प्रवासाचं आणि साधेपणाचं बोलतात. ते खरंच आहे, पण मला त्यापेक्षा पाणी परिषद महत्त्वाची वाटते. आटपाडीला दर वर्षी भरायची. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, भारत पाटणकर, आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतले हजारो शेतकरी. कृष्णेचं पाणी आम्हाला द्या एवढीच मागणी नव्हती. आलेलं पाणी समान वाटा, ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही वाटा द्या, ही मागणी होती. समन्यायी पाणीवाटप हा शब्द माझ्या वडिलांना, चौथी शिकलेल्या माणसाला, नीट समजावून सांगता यायचा. त्यांनी तो परिषदेतच ऐकला होता, मांडी घालून, उन्हात.

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आमच्याकडे यायला किती वर्षं गेली ते विचारू नका. पण पाणी आलं तेव्हा माझे वडील ओढ्यात उतरून उभे राहिले. वय ७१. काही बोलले नाहीत, बराच वेळ उभे होते.

एक खंतही लिहितो. पाणी आलं आणि ऊस आला. समान वाटपाचं बोलणारी माणसं गावात कमी झाली. ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. आबासाहेब असताना निदान त्यांच्यासमोर लाज वाटायची.

विसापूर_तासगाव
गुरुवार, सकाळी ९:१५

माझ्या गावाचंही नाव यायला हवं म्हणून लिहितो. वि. स. पागे आमच्या विसापूरचे. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग त्यांनी आमच्याच तालुक्यात केला, साठच्या दशकात. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता. केंद्राचा कायदा २००५ चा, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

नोकरी करणाऱ्या सगळ्यांनी पगाराची पावती काढून बघावी. व्यवसाय कर म्हणून बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाला २५००. हा कर १९७५ ला लागला तो रोजगार हमीचा खर्च भागवायला. शहरातल्या पगारदारानं खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत वाटा उचलायचा, हा विचार एका गावच्या बांधावर सुचलेला आहे. माझी आजी त्या कामावर होती. पाझर तलाव अजून आहे, त्यात पाणीही आहे.

तिसरा_मजला
गुरुवार, रात्री १०:३०

माझ्या पावतीवर तो आकडा आठ वर्षं बघतो आहे. कशाचा आहे ते आज कळलं.

मी सोमवारी जे लिहिलं त्यातलं एक वाक्य बदलतो. मला विधेयक वाचून सभागृहात जाणारा आमदार हवा, असं म्हणालो होतो. तो अजूनही हवा आहे. पण विधेयकातलं एखादं कलम आमच्या चाळीत कसं लागू होईल हे त्याला कोण सांगणार, तर आम्हीच. आणि आम्ही आजवर त्याच्याकडे गेलो ते फक्त गणपतीच्या मंडपाच्या परवानगीसाठी.

काका, एक विचारतो. त्या रांगेत मृणालताई जे विचारायच्या, ते नेमकं काय काय होतं? सविस्तर आठवत असेल तर सांगा.

जुना_गोरेगावकर
शुक्रवार, सकाळी ६:३०

आठवतं. पाणी किती वाजता आलं. किती वाजता गेलं. धार बोटाएवढी की करंगळीएवढी. किती हंडे भरले. किती घरं रिकाम्या हातानं गेली. आणि शेवटचा प्रश्न नेहमी, तुमच्या शेजारच्या वाडीत किती वाजता आलं? तो फार कामाचा प्रश्न होता. त्यावरून पाणी कुठे मुरतंय ते कळायचं.

आरे_रोड
शुक्रवार, रात्री ९:००

काका, हे सहा प्रश्न मी कागदावर उतरवून सोसायटीच्या फलकावर लावले आहेत. हंड्याच्या जागी टाकीची पातळी फुटांत लिहिली, बाकी तसेच ठेवले. आमच्या गल्लीतल्या सात इमारती आहेत. चार इमारतींच्या सेक्रेटरींशी बोलले, दोघं लगेच तयार झाले, एक म्हणाले वॉचमनला सांगतो, एकांनी उद्या सांगतो म्हटलं. उरलेल्या तीन इमारती आणि मागची झोपडपट्टी. तिथे मी रविवारी सकाळी जाणार आहे. तिथला नळ आमच्याच जलवाहिनीवर आहे आणि तिथल्या बायकांना कुणी कधी काही विचारलेलं नाही. आमच्या इमारतीला टँकर परवडतो, त्यांना नाही.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की वॉर्ड ऑफिसात देऊ. तिथे हलले नाहीत तर आमदारांकडे, पण निवेदन घेऊन नाही. वकीलसाहेब, या नोंदींवरून तारांकित प्रश्न कसा तयार करतात, त्याचा मसुदा तुम्ही कराल का? प्रश्न त्यांनी विचारायचा, माहिती आमची.

डॉक्टर, तुमच्या आशाताईंचं डोक्यातून जात नाही. त्यांच्यामागे कोण उभं राहणार, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

कलम_वीस
शुक्रवार, रात्री ९:४०

मसुदा मी करतो. झोपडपट्टीतल्या नळाच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि दोन्हींना एकच तारीख-वेळ हवी. शेजारी शेजारी ठेवल्या की बोलायची गरज पडत नाही.

पाचवी_इमारत
शनिवार, सकाळी ७:०५

मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आरे रोडताई, मी तुमच्याच गल्लीतली, कोपऱ्यावरच्या पिवळ्या इमारतीतली. आमच्या सेक्रेटरींना वेळ नाही, मी लिहीन. आज पाणी ५:४० ला आलं, ६:२५ ला गेलं. धार करंगळीएवढी. टाकी अडीच फूट. मागच्या झोपडपट्टीतल्या नळाला ६ वाजेपर्यंत आलं नव्हतं, हे आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं. रविवारी त्या तुमच्यासोबत येतील.